आवाजाचं वय

नेपल्समधल्या व्हेर्जिने नावाच्या गायनशिक्षकापुढं १८९१ च्या सुमारास एक अठरा वर्षांचा मुलगा गायला. ऐकून गुरुजींचं मत पडलं, की हा आवाज म्हणजे खिडकीच्या फटीतून शीळ घालत शिरणारा वारा. पुढं बारा वर्षांनी हाच मुलगा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात उभा होता. समोर तीन हजारांहून जास्त श्रोते, पायाशी भरगच्च वाद्यवृंद, मायक्रोफोन नाही, आणि तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचत होता. त्याचं नाव एन्रिको कारूसो.

कारूसोच्या आवाजाला दैवी देणगी म्हणायची पद्धत आहे. मला ती त्याच्यावर अन्याय करणारी वाटते. टेनरचा वरचा आवाज कुणालाही आयता मिळत नाही, तो बांधावा लागतो. कारूसोनं तो इतरांपेक्षा उशिरा आणि सावकाश बांधला. त्याचं वेगळेपण असं, की हे बांधकाम आपल्याला आजही ऐकता येतं. एकोणतिसाव्या वर्षी त्याचा आवाज कसा होता, चौतिसाव्या वर्षी कसा, सत्तेचाळिसाव्या वर्षी कसा, हे आपण आपल्या कानांनी पडताळू शकतो. त्याच्या आधीच्या कुठल्याही थोर गायकाच्या बाबतीत ही सोय नव्हती.

टेनर म्हणजे काय, हे पेटीवर बोट ठेवून सांगता येईल. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या खाली एक सप्तक आणि वर एक सप्तक, एवढा साधारण टेनरचा पल्ला. आपल्याकडचा एखादा पुरुष गायक काळी एकमध्ये गातो असं धरा. त्याच्या तारसप्तकातल्या गंधार-मध्यमाच्या आसपास टेनरच्या गळ्यातला अवघड टप्पा येतो. तिथं छातीचा आवाज संपायला लागतो. साधा माणूस तिथं एकतर ओरडतो किंवा चोरटा आवाज लावतो. टेनरला यातलं काहीच करून चालत नाही. त्याला तोच भरीव आवाज पुढं न्यायचा असतो, थेट वरच्या 'डो'पर्यंत. हा 'डो' म्हणजे त्याच काळी एकवाल्या गायकाच्या तारसप्तकातला शुद्ध निषाद. तेवढ्या उंचीवर पूर्ण छातीनं, तेही वाद्यवृंदाच्या वरून ऐकू जाईल असं गायचं.

तो टप्पा ओलांडताना गायक स्वरयंत्र खाली ठेवतो, घशामागची पोकळी मोठी करतो आणि उघडा 'आ' किंचित 'ऑ'कडं झुकवतो. इटालियन गुरू याला आवाज झाकणं म्हणतात. असं केल्यानं तीन हजार हर्ट्झच्या आसपासच्या कंपनांना एकदम बळ मिळतं. वाद्यवृंदाचा मुख्य जोर पाचशे हर्ट्झच्या आसपास असतो आणि वर तो झपाट्यानं ओसरतो. म्हणजे वाद्यांची गर्दी जिथं विरळ होते, नेमक्या तिथून टेनरचा आवाज बाहेर पडतो. माणसाचा कानही त्याच भागात सर्वांत तिखट असतो. विसाव्या शतकात स्वीडनच्या योहान सुंडबर्गनं हे प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. गायकांना मात्र ते केव्हाच गळ्यानं ठाऊक झालेलं होतं.

केव्हाच म्हटलं तरी फार जुनी गोष्ट नाही. टेनर हा शब्द 'धरून ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. मध्ययुगात चर्चमधल्या गाण्याची मूळ चाल जो आवाज लांबवून धरायचा, तो टेनर. ऑपेरात अठराव्या शतकापर्यंत नायकाची जागा बहुतेक वेळा कास्त्रातोंकडं होती, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला नाही अशा पुरुषांकडं. ती क्रूर प्रथा मावळल्यावर टेनर नायक झाला. तरीही तो वरचे सूर हलक्या, डोक्यातल्या आवाजात घ्यायचा. मग १८३७ मध्ये पॅरिसला जिल्बेर द्युप्रे यानं रोस्सिनीच्या 'गिय्योम तेल'मध्ये वरचा 'डो' छातीच्या आवाजात लावला. रोस्सिनीला तो आवडला नाही, श्रोत्यांना मात्र त्याचं वेड लागलं. ती भूमिका आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा गायलेला आदॉल्फ नूरी हा जुन्या वळणाचा थोर टेनर. नवं तंत्र शिकायला तो इटलीत गेला, नेपल्सला संगीतकार दोनिझेत्तीकडं धडे घेऊ लागला. आपला मूळचा आवाज हातातून निसटतोय असं त्याला वाटत राहिलं, आणि १८३९ मध्ये नेपल्समध्येच त्यानं स्वतःचं जीवन संपवलं.

नूरी कसा गायचा आणि द्युप्रे कसा, हे आपल्याला फक्त वाचून माहीत आहे.

कारूसो जन्मला त्याच नेपल्समध्ये, २५ फेब्रुवारी १८७३ रोजी. तो एकवीस भावंडांतला अठरावा, ही कहाणी इतकी पसरली की कित्येक पुस्तकांतही शिरली. प्रत्यक्षात आईवडिलांना सात मुलं झाली आणि त्यातली तीनच जगली. वडील कारखान्यात यंत्रं सांभाळणारे कामगार. पोरानंही तोच धंदा धरावा असं त्यांचं म्हणणं, म्हणून अकराव्या वर्षी त्याला एका कारागिराकडं उमेदवारीला लावलं. तिथं सार्वजनिक पाण्याचे नळखांब तयार व्हायचे. गाणं चालू होतं ते चर्चच्या वृंदात, कॅफेत आणि रस्त्यावर. नेपल्सचे प्रेमवीर प्रेयसीच्या खिडकीखाली गाणं म्हणायला भाड्यानं गायक आणत, त्यातही हा असे. तो पंधरा वर्षांचा असताना आई गेली.

व्हेर्जिनेनं शेवटी त्याला शिष्य करून घेतलं, पण करार कडक होता. पुढच्या कमाईतला चौथा हिस्सा गुरूचा, आणि तोही 'प्रत्यक्ष गायनाच्या' पाच वर्षांसाठी. म्हणजे गाण्यात घालवलेले तास मोजून पाच वर्षं भरायची! त्या हिशेबानं करार जन्मभर सुटला नसता. प्रकरण कोर्टात गेलं. तरीही मला वाटतं, एका गोष्टीचं श्रेय त्या शिक्षकाला द्यायलाच हवं. त्यानं या मुलाला आवाज ढकलू दिला नाही. पातळ आवाज जोरानं जाडा करायला गेलं की गळा पहिल्या पाच वर्षांत संपतो, याची उदाहरणं इटलीत गल्लोगल्ली होती.

पहिली ऑपेरा भूमिका १५ मार्च १८९५ रोजी, नेपल्सच्या तेआत्रो न्युओव्होत, एका हौशी संगीतकाराच्या रचनेत. ती रचना आज कुणाला आठवत नाही. नंतर दक्षिणेतल्या लहान गावांतून फिरती. त्या दिवसांतला त्याचा एक फोटो आहे, अंगाभोवती रोमन सरदारासारखं पांढरं वस्त्र गुंडाळलेला. ती पलंगावरची चादर होती, कारण एकुलता एक शर्ट धुवायला टाकला होता. वरचे सूर अजून फाटत होते. व्हिंचेन्झो लोम्बार्दी या वाद्यवृंद-संचालकानं त्यावर मेहनत घेतली. १८९७ मध्ये लिव्होर्नोला त्याला अदा जाकेत्ती भेटली. ती त्याच्याहून जास्त शिकलेली सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाची गायिका. तालमीत तिनं त्याच्या गाण्याला बरंच वळण लावलं. दोघांचा संसार झाला, दोन मुलगे झाले, पण ती आधीच विवाहित होती आणि इटलीत घटस्फोट नव्हता, त्यामुळं लग्न कधीच झालं नाही.

लिव्होर्नोतच 'ला बोएम' गायचं ठरलं तेव्हा संमती मिळवायला तो संगीतकार पुच्चिनीच्या घरी गेला. त्याचं गाणं ऐकून पुच्चिनी थक्क झाला, एवढं नक्की. त्याच भेटीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगितली जाते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या नाटकातल्या नायकाच्या मोठ्या गाण्यात वरचा 'डो' येतो, आणि तो लागेल याची खात्री कारूसो देऊ शकत नव्हता. पुढंही अनेकदा तो ते गाणं अर्धा सूर पट्टी उतरवून गायचा. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या टेनरला सर्वांत नावाजलेल्या सुराची धास्ती होती. त्याची ताकद मधल्या सुरांत होती. तिथं त्याचा आवाज जवळजवळ बॅरिटोनसारखा, म्हणजे टेनरखालच्या पुरुषी आवाजासारखा, गडद होता, आणि वर जाताना तो गडदपणा सोबत नेणं हेच त्याचं साधलेलं काम.

१७ नोव्हेंबर १८९८ रोजी मिलानमध्ये जोर्दानोचा 'फेदोरा' झाला आणि नाव झालं. सेंट पीटर्सबर्ग, ब्वेनोस आइरेस, मग १९०० च्या डिसेंबरात ला स्काला, संचालक तोस्कानिनी. एका वर्षानं स्वतःच्या गावी, नेपल्सच्या सान कार्लोत तो गायला. जाणकार म्हणवणाऱ्यांनी स्वागत थंडच केलं. कारूसोनं ठरवलं की या गावात आता फक्त जेवायला यायचं, गायला नाही. तो शब्द त्यानं मरेपर्यंत पाळला.

आता ११ एप्रिल १९०२. मिलानच्या ग्रँड होटेलमध्ये, जिथं सव्वा वर्षापूर्वी संगीतकार व्हेर्दीचा मृत्यू झाला होता, ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं यंत्र मांडलं. दहा गाण्यांचे शंभर पौंड ठरले. गैसबर्गच्या आठवणीप्रमाणं एवढे पैसे द्यायला लंडनच्या कचेरीनं तारेनं मनाई केली आणि त्यानं ती तार बाजूला ठेवली. कारूसो दुपारी आला आणि एका बैठकीत दहाही गाणी म्हणून गेला.

यंत्राची रचना साधी होती. भिंतीतून एक मोठा भोंगा बाहेर आलेला. भोंग्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरती मेणाची तबकडी. विजेचा संबंध नाही. गायकाच्या फुफ्फुसातल्या हवेनं पडदा हलायचा आणि त्याच बळावर सुई मेणात खाच कोरायची. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये आलं, कारूसो गेल्यानंतर. त्यामुळं त्याची सगळी ध्वनिमुद्रणं, अडीचशेच्या आसपास, अक्षरशः त्याच्या श्वासानं कोरलेली आहेत. भोंग्याची पकड मात्र तोकडी होती. अगदी खालचे आणि अगदी वरचे नाद त्यातून सुटायचे. व्हायोलिनचा आवाज इतका क्षीण उमटायचा की पुढं त्याला धातूचा कर्णा बसवलेली खास व्हायोलिनं वापरली. स्त्रियांचे उंच आवाज चिरके व्हायचे. पण गडद, भरीव, मधल्या पट्टीत ठाम असलेला पुरुषी आवाज त्यात बराचसा शाबूत उतरायचा. व्हेर्जिनेला ज्या आवाजात वारा दिसला होता, त्याच आवाजाला हे यंत्र जणू मापून केल्यासारखं निघालं. तोवर खेळणं समजलं जाणारं ग्रामोफोन संगीताचं साधन ठरलं ते मोठ्या अंशी या गायकामुळं.

त्याच वसंतात गैसबर्ग बंधूंनी रोममध्ये पोपच्या चर्चवृंदातल्या अलेस्सांद्रो मोरेस्कीचा आवाजही मुद्रित केला. एकट्यानं गायलेलं मुद्रण मागं ठेवणारा तो एकमेव कास्त्रातो. टेनरनं ज्याची जागा घेतली तो आवाज आणि टेनर, दोघेही एकाच मोसमात मेणात उतरले.

आणि त्याच वर्षी, नोव्हेंबर १९०२ मध्ये, हाच फ्रेड गैसबर्ग कोलकात्यात होता आणि गायिका गौहरजान त्याच्या भोंग्यापुढं गायली. इथं मराठी माणसाला हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही. किर्लोस्कर मंडळींचे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले, भोंगा हिंदुस्थानात उतरण्याच्या आधीच. भाऊरावांचा आवाज कसा चढायचा, प्रेक्षक कसे वेडे व्हायचे, हे त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलं. आपल्याकडं तेवढंच उरलं. भाऊराव नूरी आणि द्युप्रेच्या बाजूला राहिले. कारूसो पलीकडं गेला.

मिलानमधल्या त्या तबकड्यांनी त्याच्या आधी प्रवास केला. मेट्रोपॉलिटनमध्ये तो २३ नोव्हेंबर १९०३ रोजी पहिल्यांदा गायला आणि पुढच्या सतरा वर्षांत त्या कंपनीसाठी साडेआठशेहून जास्त प्रयोग केले. अमेरिकेच्या व्हिक्टर कंपनीशी त्याचा करार १९०४ च्या सुरुवातीला झाला. त्या वर्षांत दक्षिण इटलीतून लाखो गरीब माणसं अमेरिकेत उतरत होती. ऑपेराचं तिकीट न परवडणाऱ्या घरात नेपल्सच्या गल्लीतला हा आवाज तबकडीवरून जात होता, आणि त्यात ऑपेरासोबत नेपल्सची साधी गाणीही होती.

कुणाला हा गायक ऐकायचा असेल तर मी एक मार्ग सुचवेन. दोनिझेत्तीच्या 'लेलिझीर दामोरे'मध्ये भोळ्या नेमोरिनोचं एक संथ गाणं आहे. कारूसोनं ते १९०२, १९०४ आणि १९११ असं तीनदा मुद्रित केलं. पहिल्या मुद्रणात साथीला नुसता पियानो आहे आणि आवाज तरुण, पातळ, चपळ. अलंकार मऊ उतरतात, काही ठिकाणी तो घाईत आहे. १९११ मध्ये तोच माणूस तीच ओळ गातो आणि आवाजाचा रंग बदललेला असतो, मध जुना होत जावा तसा. तसंच लेओन्काव्हाल्लोच्या 'पाल्याच्ची'चं. फिरत्या नाटक कंपनीचा मालक कानियो, बायको दुसऱ्याची झाल्याचं नुकतंच कळलंय, आणि तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला उभं राहायचंय, त्या क्षणाचं गाणं. तेही तीनदा, १९०२, १९०४, १९०७. शेवटच्या मुद्रणात वाद्यवृंद आहे, आणि दुःख आता सुरांच्या आत गेलेलं आहे. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, अदा जाकेत्ती त्याला आणि मुलांना सोडून त्यांच्या मोटारचालकाबरोबर निघून गेली. कानियोची भूमिका त्यानंतरही तो वर्षानुवर्षं करत राहिला.

१९०९ मध्ये स्वरतंतूवरची गाठ काढण्यासाठी मिलानमध्ये शस्त्रक्रिया झाली. गायकाच्या दृष्टीनं याहून भयंकर काही नाही. तो परतला तो अधिक जड, अधिक काळोखा आवाज घेऊन, आणि भूमिकाही त्याच्या जातीच्या निवडू लागला. त्या आवाजाची खोली किती होती याचा पुरावा १९१३ मध्ये फिलाडेल्फियात मिळाला. 'ला बोएम'च्या प्रयोगात बास गायक दे सेगुरोलाचा आवाज बसला. शेवटच्या अंकात त्या पात्राचं आपल्या जुन्या कोटाला निरोप देणारं गाणं येतं. कारूसो प्रेक्षकांकडं पाठ करून उभा राहिला आणि ते गाणं स्वतः गायला. नंतर त्यानं ते मौज म्हणून मुद्रितही केलं. टेनरच्या गळ्यातून आलेला तो खर्ज ऐकण्यासारखा आहे.

प्रयोगाआधीचे त्याचे सोपस्कार पत्नी डोरोथीनं लिहून ठेवलेत. वाफ घ्यायची, मिठाच्या पाण्यानं गुळण्या, चिमूटभर तपकीर, व्हिस्कीचा घोट, सफरचंदाची फोड. रंगमंचावर जाण्यापूर्वी तो थरथरायचा, आणि कीर्तीबरोबर ही भीती वाढत गेली. एरवी हातात सतत कडक इजिप्शियन सिगारेट. रिकाम्या वेळी व्यंगचित्रं काढायचा, आणि ती खरोखर चांगली असत. १९०६ चा सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप त्यानं तिथल्या पॅलेस होटेलमध्ये अनुभवला, आदल्या रात्रीच 'कार्मेन' गाऊन झोपला होता. १९१८ मध्ये त्यानं 'माय कझिन' या चित्रपटात दुहेरी भूमिका केली. तो मूकपट होता. फारसा चालला नाही.

डोरोथी बेंजामिनशी त्याचं लग्न १९१८ च्या ऑगस्टमध्ये झालं, पुढच्या वर्षी मुलगी झाली. १९२० मध्ये हवानाला एका प्रयोगाचे दहा हजार डॉलर मिळत होते, मेट्रोपॉलिटनच्या चौपट. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला न्यू जर्सीतल्या कॅमडन गावात तो शेवटचं गायला भोंग्यापुढं. व्हिक्टर कंपनीनं तिथलं एक जुनं चर्च ध्वनिमुद्रणासाठी घेतलं होतं. त्या बैठकीतली एक रचना रोस्सिनीच्या प्रार्थनासंगीतातली. सत्तेचाळीस वर्षांचा आवाज, ब्राँझसारखा जड. वरचा सूर आता चढत नाही, उचलला जातो. ते कष्ट ऐकू येतात आणि मला ते लपवलेले नसणं फार आवडतं.

डिसेंबरात कुशीत कळा सुरू झाल्या. ११ तारखेला ब्रुकलिनमध्ये 'लेलिझीर दामोरे' चालू असताना तोंडातून रक्त येऊ लागलं. विंगेतून एकामागून एक रुमाल पुरवले जात होते, आणि तो पहिला अंक संपेपर्यंत गात राहिला. मग प्रयोग थांबवला. २४ डिसेंबर १९२० रोजी 'ला ज्यूइव्ह'मधला म्हातारा एलेआझार त्यानं उभा केला, तो शेवटचा. दुखणं फुफ्फुसाच्या आवरणाचं होतं, आत पू झाला होता. पेनिसिलिनला अजून वेळ होता. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, बरगडीचा तुकडा काढावा लागला. ज्या छातीच्या जोरावर मेणात खाच पडायची, तीच छाती कापली गेली. १९२१ च्या उन्हाळ्यात तो इटलीला परतला आणि २ ऑगस्टला नेपल्सच्या होटेल व्हेसुव्हिओत वारला. वय अठ्ठेचाळीस. ज्या गावात पुन्हा गायचं नाही असं ठरवलं होतं, तिथंच.

साठीच्या आसपास गाणाऱ्या टेनरांचं गाणं ऐकलं की कारूसोचं साठावं वर्ष कसं असतं, हा विचार मनात येतोच. पण त्याच्या आवाजाची गोष्ट तिथं थांबली नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात टॉमस स्टॉकहॅम या संशोधकानं त्याच्या जुन्या तबकड्या संगणकात घातल्या. भोंग्याची स्वतःची एक घुमणी असते. काही नाद तो फुगवतो, काही दाबतो, म्हणून जुन्या तबकडीतला माणूस डब्यात बसून गातोय असं वाटतं. स्टॉकहॅमनं त्याच गाण्याचं नव्या काळातलं चांगलं मुद्रण नमुन्याला घेतलं, दोन्हींच्या नादांचं सरासरी गणित मांडलं आणि जो फरक निघाला तो भोंग्याचा दोष मानून वजा केला. १९७६ मध्ये ही गाणी बाजारात आली. तबकडीची खरखर होती तशीच राहिली, उलट थोडी वाढली. पण तिच्यामागं माणूस दोन पावलं जवळ आला, आणि दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेतो ते ऐकू येऊ लागलं.